पैलवानाला फेटा बांधता, गल्ल्यावर कधी बसवणार?

जत्रा आणि उरुसांचा हंगाम सुरू झाला की आम्हा कापडवाल्यांकडे फेट्याची मागणी वाढते. कुस्त्यांचा फड असला म्हणजे विजेत्याला फेटा, वस्तादाला फेटा, पंचांना फेटा, आणि इनामाची रक्कम जाहीर करणाऱ्या पुढाऱ्याला सर्वांत मोठा फेटा. हे फेटे आम्हीच विकतो, तेव्हा सत्कारांविरुद्ध लिहिणे म्हणजे आपल्याच गल्ल्यावर पाय देणे होय. तरीही लिहावे लागत आहे. जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार या पट्ट्यात दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या डोक्यावर आपण फेटे बांधले, ते पैलवान आज काय करतात याकडे व्यापारी बांधवांनी एकदा नजर टाकावी. कोणी मंगल कार्यालयाच्या दारावर गर्दी आवरीत उभा आहे. कोणी फायनान्सवाल्याच्या वसुलीच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरतो. कोणी पुढाऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर असतो आणि निवडणूक संपली की घरी असतो. शरीर कमावले होते अब्रूसाठी, आता ते लोकांना भीती दाखवण्यासाठी भाड्याने जाते. हा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला आणि आपण नवे फेटे मोजून देत राहिलो.

व्यापाऱ्याची उमेद तिशीनंतर सुरू होते. बाजारात नाव होते, पत बसते, सुरतेचा आणि इचलकरंजीचा आडत्या फोनवर माल पाठवू लागतो. पैलवानाचे नेमके उलटे आहे. तिशी आली की त्याचा हिशेब बंद होऊ लागतो. गुडघा एकदा निखळला, खांदा एकदा उतरला की आखाड्याची वाट संपते. तोपर्यंत त्याच्यामागे घरच्यांनी दूध, बदाम, तूप, गोश्त यांवर किती खर्च केलेला असतो, हे ज्या घरात पैलवान झाला त्यालाच माहीत. शेत विकून खुराक पुरवणारे बाप या भागात आहेत. बारा-पंधरा वर्षे हा मुलगा पहाटे उठून जोर-बैठका मारतो, आणि तिशीत त्याच्या हाती येतात मोडलेले कान, ढालींची आणि गदांची एक भिंत, आणि दहावी किंवा बारावीचा कागद. त्याची शिकण्याची वर्षे मातीत गेली. मातीत गेली याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, पण पुढे काय, हे विचारणारे कोणी असू नये याचे वाईट वाटते.

हे दुखणे आजचे नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना परदेशी जाण्यासाठी पैसे हवे होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्या भरवून त्यांनी ते कर्ज फेडले. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. मात्र पुढचा भाग सांगताना लोकांचा आवाज बसतो. पदक १९५२ चे, आणि पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी लागली १९५५ साली. १९८३ मध्ये ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. आता विचार करा. ऑलिम्पिकचे पदक गळ्यात असलेल्या माणसाची ही कथा, तर मग आमच्या तालुक्यात जिल्हा पातळीवर दोनदा चीतपट कुस्ती करणाऱ्या शेख किंवा पठाणाच्या मुलाला कोण विचारतो?

लातूर जिल्ह्याने एक चांगले उदाहरणही दिले आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतले. कुस्ती सुटल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांची ओळख वस्ताद म्हणूनच होती. लातूरचेच काका पवार यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्यांनीही पुण्यात मोठे संकुल उभे केले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचेच चेले. वस्ताद हा शब्द उस्तादाचाच आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून तो कानाला लगेच ओळखीचा वाटतो. शिंप्याकडे, लोहाराकडे, मागावर, भट्टीवर सगळीकडे उस्ताद असतो आणि शागीर्द असतो. आखाड्यातून निवृत्त होऊन उस्ताद होणे हा सर्वांत इज्जतीचा मार्ग आहे, यात वाद नाही. पण एका तालमीला एकच वस्ताद पुरतो, आणि तालमीतून दर वर्षी बाहेर पडणारे पुष्कळ असतात.

उरलेले सर्व जण एकाच दाराकडे पाहत बसतात, ते म्हणजे सरकारी नोकरी. महाराष्ट्रात २००५ पासून खेळाडूंसाठी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि २०१६ साली त्याचे नियम नव्याने आखले गेले. त्याचा लाभ झालेले लोक आहेत. नरसिंग यादव, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी, आणि बीड जिल्ह्याचा राहुल आवारे हे पोलीस उपअधीक्षक झाले. उस्मानाबादची सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्ण जिंकले. गरिबीतून वर आलेली ही मुलगी पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. आपल्या उर्दू शाळांतल्या ज्या मुली खो-खो आणि कबड्डी खेळतात आणि दहावीनंतर घरी बसवल्या जातात, त्यांच्या आईबापांना हे नाव वाचून दाखवावे.

परंतु हे दार अरुंद आहे. पद ज्या शिक्षणाचे, ते शिक्षण खेळाडूजवळ असावेच लागते. प्रमाणपत्र ठरावीक स्पर्धेचे आणि ठरावीक क्रमांकाचे लागते, आणि त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. आपल्या जत्रेतली कुस्ती, मग ती लाखाच्या इनामाची का असेना, तिथे कवडीची नाही. शंभर फड मारलेला पैलवान आणि एकही अधिकृत स्पर्धा न खेळलेला मुलगा, नोकरीच्या अर्जावर दोघे सारखेच. त्यात मराठवाड्यातच बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकरण उघडकीस आले. कधी न पाहिलेल्या ट्रॅम्पोलिनच्या खेळाचे कागद दाखवून लोक सरकारी नोकरीत शिरले होते. त्या बदमाशांनी खऱ्या खेळाडूच्या ताटातला घास तर पळवलाच, वर पडताळणीच्या नावाखाली त्याच्या खऱ्या कागदाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

मोठ्या जगात हा प्रश्न ओळखला गेला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने अॅडेको या नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कंपनीबरोबर २००५ मध्ये खेळाडूंसाठी खास कार्यक्रम सुरू केला. अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी, खेळ चालू असतानाच शिक्षण कसे करावे, हे त्यात शिकवतात. आपल्या केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०२४ रोजी निवृत्त खेळाडूंसाठी ‘रिसेट’ नावाची योजना जाहीर केली. वीस ते पन्नास वयाचे निवृत्त खेळाडू त्यात येतात. बारावी व पुढे शिकलेल्यांसाठी एक गट, अकरावी व त्याखालच्यांसाठी दुसरा; ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेकडे ते काम दिले आहे, आणि स्वतःचा धंदा काढू पाहणाऱ्याला मार्गदर्शन करण्याची सोयही त्यात ठेवली आहे. कमी शिकलेल्यांना बाहेर ठेवले नाही ही चांगली गोष्ट. ज्याला लाभ घेता येईल त्याने जरूर घ्यावा. पण ग्वाल्हेर जळकोटपासून लांब आहे, आणि मोंढा दोन पावलांवर आहे. म्हणून आमचे सांगणे मोंढ्याला आणि पेठेला आहे.

खेळाडूला धंदा जमत नाही, तो साधा असतो, लोक त्याला फसवतात, असे आपले व्यापारी म्हणतात. अर्धे खरे आहे. नुसत्या नावावर धंदा चालत नाही हे सचिन तेंडुलकरच्या मुंबईतील हॉटेलाने दाखवले. एवढे मोठे नाव पाटीवर असूनही ते बंद पडले. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने मात्र पुण्यात खानावळीचा धंदा काढला तो २००५ मध्ये, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले २०१५ मध्ये. म्हणजे खेळ सुटण्याच्या दहा वर्षे आधी त्याने दुसऱ्या घराचा पाया घातला होता. क्रिकेटवाल्याजवळ पैसा असतो, पैलवानाजवळ नसतो, हा फरक मोठा आहेच. तरी वेळेचा धडा दोघांनाही सारखाच लागू आहे.

आम्ही आमच्या अनुभवाचे सांगतो. आमच्या दुकानात एक जुना पैलवान काही वर्षे काम करून आता स्वतःच्या दुकानावर गेला आहे. पहिल्या महिन्यात मीटर मारताना त्याच्या हातून कापड ताणले जाई, एवढी त्या पंजात ताकद. तलम माल आम्ही त्याच्यापुढे ठेवतच नव्हतो. बेरजेला तो बोटे मोजी. पण सकाळी दुकान उघडण्याची वेळ त्याने कधी चुकवली नाही. तालमीत जो पहाटे चारला उठला त्याला नऊ वाजता दुकान झाडणे म्हणजे सुट्टीच. ठाणाचे गठ्ठे उतरवायला हमालाची वाट पाहावी लागली नाही. खेड्यापाड्यांतले गिऱ्हाईक त्याला बघायला म्हणून येई आणि दोन पायजम्यांचे कापड घेऊन जाई. हरणे त्याला माहीत होते, ही सर्वांत मोठी गोष्ट. एखादा दिवस बोहनीच झाली नाही तर नवा पोरगा तोंड पाडून बसतो. हा मात्र दुसऱ्या दिवशी त्याच उत्साहाने गादीवर. खोड एकच होती, उधारी. ज्याने कधीकाळी त्याच्या कुस्तीला टाळ्या वाजवल्या होत्या त्याला तो ‘नाही’ म्हणू शकत नसे. टाळ्या तर साऱ्या पंचक्रोशीने वाजवल्या होत्या! म्हणून पहिली दोन वर्षे उधारीची वही आम्ही त्याच्या हाती दिली नाही. मग हळूहळू तो शिकला, आणि वसुलीलाही गेला, पण हात जोडून. त्याला पाहून कोणी घाबरले नाही आणि पैसे मात्र आले.

आता मुद्दा भांडवलाचा. फडात पाच-दहा हजारांचे इनाम देणारे, रमजानमध्ये गुपचूप चार नोटा त्याच्या खिशात घालणारे व्यापारी आपल्यात आहेत. त्यांच्या नियतीबद्दल आम्हाला शंका नाही. पण धडधाकट माणसाला खैरात देऊन आपण त्याची मान खाली घालतो. जकात त्याला चालते की नाही हा मसला उलेमांना विचारावा, आम्ही दुकानदार आहोत. आमच्या हातात जी चीज आहे ती म्हणजे मुदारबत. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्यात ठरलेला वाटा. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन हुजूर (स.अ.व.) तिजारतीला शामकडे गेले, हे आपल्या घरातले मूलही सांगते. हुजूर (स.अ.व.) यांनी रुकाना या नामी पैलवानाशी कुस्ती केल्याची रिवायतही आपल्याकडे आहे. म्हणजे आखाडा आणि तिजारत या दोन्ही जागा आपल्या दीनात इज्जतीच्या आहेत. मग एकातून दुसरीकडे जाणारा रस्ता आपणच का बंद ठेवावा?

मुदारबतीच्या अटी साध्या आहेत, पण त्या लेखी असाव्यात. समजा एका व्यापाऱ्याने दोन लाखांचा माल दिला. नफ्याचे साठ टक्के त्याचे, चाळीस टक्के पैलवानाचे असे ठरले. दरमहा अमुक हजार मला मिळालेच पाहिजेत असे मालवाल्याने म्हणायचे नाही. तसे म्हटले की ती मुदारबत राहिली नाही. बेपर्वाई किंवा बेइमानी न होता नुकसान झाले तर ते भांडवलवाल्याचे, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली हेच त्याचे नुकसान. कायद्यालाही हे वावडे नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे तोटा कोणी सोसावा हे भागीदारांनी आपसात ठरवायचे असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आपसातला करार काहीही असो, बाहेरच्या देणेकऱ्यापुढे सर्व भागीदार पूर्णपणे जबाबदार धरले जातात. म्हणून अशा दुकानाने पहिल्या वर्षी माल रोखीने घ्यावा, आडत्याची उधारी उचलू नये, आणि कागद स्टॅम्पवर करून फर्मची नोंदणी करून टाकावी. ओळखीत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांची भांडणे आम्ही पुष्कळ मिटवली आहेत.

धंदा कोणता, हा प्रश्न पैलवान विचारतात. ज्याला जे माहीत आहे त्याच्या जवळचा. लंगोट आणि जांघियाचे कापड, खेळाचे टी-शर्ट, ट्रॅकसूट, शाळांच्या क्रीडा महोत्सवाचे गणवेश हे सारे लागते. माल तिरुपूर, लुधियाना, मेरठ, जालंधरहून येतो आणि लातूर-नांदेडच्या दुकानदाराकडून आपल्या तालुक्यात पोहोचतो. मधली एक पायरी जळकोटच्या खेळाडूने का घेऊ नये? शाळेच्या क्रीडा शिक्षकाला तो नावाने ओळखतो, कोणत्या मापाचा मुलगा कोणता जर्सी घालतो हे त्याला नजरेने कळते. शिवणारे कारागीर आपल्या मोहल्ल्यात बसलेले आहेत, त्यांच्या घरातल्या बायकांच्या हातात मशीन आहे. कराचे मात्र शिकून घ्यावे लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. आपल्याकडचा शाळकरी माल पाच टक्क्यांतच बसतो, पण बिल कसे करायचे, विवरणपत्र केव्हा भरायचे, हे माहीत नसले की वर्षभराची कमाई दंडात जाते. दुधाचा, बदाम-खारकेचा, मटणाचा धंदाही पैलवानाला शोभतो. खुराकाची पारख त्याच्याइतकी कोणाला असणार? व्यायामशाळा काढण्याची घाई मात्र करू नये. यंत्रे कर्जावर येतात, पोरे दोन महिने येतात आणि पावसाळ्यात गायब होतात.

हे सारे खेळ सुटल्यावर शिकवायला बसलो तर उशीर होतो. आमची सूचना अशी की ज्या तालमीला आपण व्यापारी वर्गणी देतो, त्या तालमीच्या वस्तादाशी आताच बोलावे. अठरा-वीस वर्षांच्या पैलवानाला आठवड्यातून दोन दुपारी कोणत्या तरी दुकानावर बसू द्यावे. सकाळचा आणि संध्याकाळचा सराव त्याने बुडवू नये, दुपारी तो नाही तरी झोपतो. तिथे त्याने जमाखर्च पाहावा, बिल पाहावे, बँकेत स्लिप भरून यावे. दहावी-बारावी अर्धी सुटली असेल तर ती पूर्ण करण्याची फी हेच त्याचे इनाम समजावे. अधिकृत स्पर्धांचा अर्ज वेळेवर भरणे आणि प्रमाणपत्र जपून ठेवणे, हेही कोणी तरी पाहिले पाहिजे. २०१८ साली जालन्यात बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत किती आनंद झाला होता! त्या वर्षी तालमीत गेलेली लहान पोरे आज नेमकी याच वयात आली आहेत.

जळकोटमध्ये तरी सुरुवात सोपी आहे. पेठेतली चार दुकाने, दोन कापडाची, एक किराण्याचे आणि एक हार्डवेअरचे, प्रत्येकाने एक मुलगा घ्यायचा. पुढच्या हंगामात फडाच्या इनामाच्या यादीत रोख रकमेच्या शेजारी एक ओळ वाढवायची, की अमुक क्रमांकाच्या विजेत्याला अमुक दुकानात एक वर्ष काम व शिक्षण. लाऊडस्पीकरवर ती ओळ मोठ्याने वाचली जावी. मुलाचा पगार पहिल्या तारखेला द्यावा, त्याला पैलवान म्हणूनच हाक मारावी, छोटू म्हणून नव्हे, आणि पहिल्या वर्षी उधारीची वही मालकाने स्वतःकडेच ठेवावी.